स्वस्तातल्या प्लेयरमधून डग्गा नीट ऐकू येईल का?

वडगावकर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. तापकीर गल्लीतून दोन हजारांच्या आतला एक छोटा म्युझिक प्लेयर घेतलाय. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, खोक्यावर एक आहे आणि चालू केल्यावर स्क्रीनवर दुसरंच येतं. बटणं आहेत, मेमरी कार्ड बसतं, बॅटरी बरी टिकते. फोनचा पर्याय कृपया सुचवू नका. माझ्या फोनला हेडफोनचं भोक नाही, आणि सिंहगड एक्स्प्रेसमध्ये आलाप रंगात आला की नेमका कुणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन करतं.

ऐकणं बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. गळा स्वच्छ येतो, पेटी ठीक, तबल्याची चाट तर टणटणीत. डग्गा मात्र पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखा. 'बास बूस्ट' लावला तर समेवर फरफर होते. इयरफोन घरात पडलेले, एका ड्रायव्हरचे (आत आवाज काढणारा पडदा एकच), पाकिटावर १६ ओम लिहिलंय. अजून दीड-दोन हजार घालायची तयारी आहे. ते कशावर घालू? दुसरा प्लेयर, चांगले इयरफोन की आणखी काही?

चहाबिस्कीट

फोनच वापरा की राव. हेडफोन जोडायचं डोंगल मिळतं.

वडगावकर

निदान पहिला परिच्छेद तरी वाचा की राव.

मृण्मयी_सा

खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करा. गाणं चालू असताना दोन्ही इयरफोन बोटाने हलकेच आत दाबा. डग्गा एकदम भरून आला तर दोष प्लेयरचा नाही, कानात रबर नीट बसत नाहीये. कानाच्या नळीत जरा फट राहिली की सगळ्यात आधी खालचे स्वर निसटतात. सोबत तीन मापांची रबरं येतात आणि लोक कारखान्यातून लावून आलेलं मधलंच वर्षानुवर्षं वापरतात. दोन कानांची मापंही वेगळी असू शकतात. माझ्या डाव्या कानाला मोठं लागतं, उजव्याला मधलं.

दुसरं, हेच इयरफोन, हेच गाणं, दुसऱ्या कुठल्या उपकरणावर ऐकून पाहा. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवा. जरा मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, दुकानदारांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे.

वडगावकर

ताई, दोन्ही करून पाहिलं. दाबून फारसा फरक नाही. बायकोच्या जुन्या फोनला भोक आहे, त्याला हेच इयरफोन लावून हीच फाइल वाजवली तर डग्गा व्यवस्थित येतो. मींडसुद्धा कळते.

ओहमशांती

म्हणजे इयरफोन आणि फाइल दोघंही निर्दोष सुटले. आरोपी प्लेयर, आणि माझा संशय त्याच्या आतल्या दोन कपॅसिटरवर आहे.

स्वस्त प्लेयरचा अँप (आवाजाला ताकद देणारा भाग) एकाच बाजूच्या व्होल्टेजवर चालतो. त्यामुळे आउटपुटवर गाण्यासोबत थोडं डीसी (एकाच पातळीचं व्होल्टेज) कायम बसलेलं असतं. ते इयरफोनमध्ये जाऊ नये म्हणून डाव्या-उजव्या चॅनेलला एकेक कपॅसिटर लावतात. कपॅसिटर आणि इयरफोनचा रोध मिळून फिल्टर तयार होतो. वरचे स्वर सुखरूप जातात, खालचे अडतात. कुठपासून अडायला लागतात ते कागदावर काढता येतं: १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता). १०० मायक्रोफॅरड आणि १६ ओम घाला, उत्तर येतं १०० हर्ट्झच्या आसपास. त्या जागी ३ डेसिबल गेलेले असतात आणि ५० हर्ट्झला ७. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात असतो. २२० मायक्रोफॅरड असता तर ही सीमा ४५ हर्ट्झवर गेली असती आणि तुम्ही हा धागा काढला नसता.

हा रोग फक्त गल्लीतल्या मालाला होतो असं नाही. २००३ चा तिसऱ्या पिढीचा आयपॉड कमी ओमच्या हेडफोनवर बास गाळायचा, कारण हेच, कपॅसिटर लहान. आणि २००५ चा पहिला शफल, त्या घराण्यातला सगळ्यात स्वस्त, त्याच्या आउटपुटला असा कपॅसिटरच नव्हता. बासच्या बाबतीत थोरल्यापेक्षा धाकटा सरस.

फोनमधल्या चिप आता आतल्या आत उणे व्होल्टेज तयार करतात, म्हणून त्यांना हा कपॅसिटर लागत नाही. वहिनींच्या फोनवर डग्गा येतो तो बहुतेक त्यामुळे. तुमच्या प्लेयरचं मागचं झाकण स्क्रूचं असेल तर उघडून हेडफोनच्या जॅकशेजारी काय दिसतंय ते सांगा. बॅटरीच्या वायरी ओढू नका.

मृण्मयी_सा

काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. मग तुमच्या हिशोबाने तोही जायला हवा. पण वडगावकरांची तक्रार फक्त डग्ग्याची आहे.

ओहमशांती

प्रश्न नेमका. ६९ हर्ट्झला जवळपास ५ डेसिबल गेलेत. पण तानपुऱ्याची खरी ताकद जवारीतून (तारेच्या झंकारातून) निघणाऱ्या वरच्या स्वरांशांत असते. ते सगळे शाबूत असले की मूळ स्वर अशक्त असूनही कान तो भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला वर असा भरघोस पसारा नाही, त्यामुळे तो गेला की गेलाच.

हायरेझ_हणमंत

कपॅसिटरचं चालू द्या, पण फाइली कुठल्या आहेत ते कुणीच विचारलं नाही. एमपीथ्री असेल तर वर काहीही लावा, शून्याने गुणणं आहे. २४ बिट १९२ किलोहर्ट्झ फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली फाइल घ्या, मग कळेल शास्त्रीय म्हणजे काय.

दशांश

हणमंतराव, १९२ किलोहर्ट्झमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतची कंपनं साठवता येतात. ती वटवाघळांसाठी ठीक. माणसाचा कान २० च्या वर जात नाही आणि पन्नाशीतल्या श्रोत्याचा तर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ २२ पर्यंत पुरतात आणि १६ बिटात ९६ डेसिबलची झेप बसते. रेल्वेच्या डब्यात त्यातली निम्मीही वापरात येत नाही. फूबार२००० या संगणकावरच्या प्लेयरमध्ये एबीएक्स नावाचा प्लगइन आहे. तो न सांगता कधी ही, कधी ती फाइल वाजवतो, आपण ओळखायची. फ्लॅक आणि नीट बनवलेली ३२० केबीपीएस बिटरेटची एमपीथ्री घेऊन बसा आणि निकाल इथे टाका.

पण फाइलींचा मुद्दा सोडायचा नाही. यूट्यूबवरचा आवाज मुळात १२८ च्या एएसी किंवा १६० च्या आसपासच्या ओपसमध्ये असतो. तो '३२०' करून उतरवला की फाइल फुगते, आत नवीन काहीच येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबल्यामुळे थोडं जातं. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल ओढून टाका, वर्णपट दिसतो. १६ किलोहर्ट्झवर सरळ भिंत दिसली तर ती ३२० च्या कपड्यातली १२८ आहे असं खुशाल समजा.

मृण्मयी_सा

कमी बिटरेट ओळखायला मला वर्णपट लागत नाही, तानपुरा पुरतो. १२८ च्या खाली गेलं की जवारी सलग झंकारत नाही, पाण्याखालून आल्यासारखी खळखळते. सुरुवातीचे एकटे तानपुऱ्याचे दहा सेकंद ऐकले तरी कळतं. गळ्यावर हे उशिरा लक्षात येतं.

हायरेझ_हणमंत

एबीएक्सची आकडेवारी माझ्या कानाला शिकवू नका. तरी एक सांगा, सीडीवर आलाप, विलंबित आणि द्रुत असे वेगळे ट्रॅक असतात. एमपीथ्री केलं की दोन ट्रॅकच्या मधे चटका बसतो, तानपुरा अर्ध्या सेकंदासाठी मरतो. फ्लॅकला असं होत नाही. हेही काल्पनिक का?

दशांश

अजिबात नाही, इथे तुमचं बरोबर आहे. एमपीथ्री बनताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. लेम एन्कोडर ती किती आहे याची नोंद फाइलीत करून ठेवतो, पण स्वस्त प्लेयर ती नोंद वाचतच नाहीत. फ्लॅकला हे शेपूट नसतं. तरी काही प्लेयर फाइल बदलताना स्वतःच दम घेतात, तिथे फ्लॅकही हात टेकतं. मी अशा सीडीची सलग एकच फाइल करतो.

नागपुरी_ठसका

भाऊ, एवढं खोलून-बिलून कायले बसता बे. अ‍ॅपलचं छोटं टाइप-सी डोंगल घ्या, हजाराच्या आसपास मिळते. त्याच्यातला डॅक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) अन् अँप दोन्ही चोख, आउटपुटचा रोध एक ओमच्या आसपास. साध्या इयरफोनले यापेक्षा जास्त काय पाहिजे?

ओहमशांती

डोंगल उत्तम आहे, पण वडगावकरांचा फोन नको हा पहिला नियम आहे. शिवाय काही अँड्रॉइड फोनवर त्या डोंगलचा अंतर्गत व्हॉल्यूम खाली अडकतो आणि आवाज निम्मादेखील येत नाही. घेण्याआधी आपल्या फोनवर लावून पाहा.

म्युनिकचा_मोरू

इथे अजून कुणी सॅन्सा क्लिप या जुन्या प्लेयरची गोष्ट काढली नाही याचं आश्चर्य वाटतंय. सॅनडिस्कची क्लिप प्लस आणि नंतरची क्लिप झिप, दोन्ही काडेपेटीएवढ्या, दोन्हींना मायक्रोएसडीची जागा. आता बनत नाहीत, पण जुन्या मिळतात. २०११ च्या सुमारास एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणारा एक अनामिक इंजिनिअर होता. महागड्या उपकरणांची मोजमाप घेऊन सालपटं काढायचा, त्याने क्लिप प्लसचं मात्र कौतुक केलं होतं. आउटपुटचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा हा नियमही त्याच्यामुळेच सगळीकडे पोचला. क्लिपचा एक ओमच्या आसपास आहे, म्हणजे १६ ओमला निवांत.

तिच्यावर रॉकबॉक्स टाका. हे फुकट, मुक्त फर्मवेअर आहे, म्हणजे प्लेयर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. २००१ मध्ये स्वीडनमधल्या काही जणांनी आर्कोसच्या प्लेयरसाठी सुरू केलं, त्यातलाच एक डॅनियल स्टेनबर्ग, नेटवरून डेटा आणणारं कर्ल हे सॉफ्टवेअर लिहिणारा. मूळ फर्मवेअर जागेवर राहतं, हवं तेव्हा परत जाता येतं. हवा तो पट्टा वर-खाली करणारा पॅरामेट्रिक इक्वलायझर, गाण्यांची पातळी सारखी करणारं रीप्लेगेन, दोन कानांचे आवाज थोडे मिसळणारं क्रॉसफीड, सगळं मिळतं.

युरोपातून मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. क्लिप पहिल्यांदा चालू करताना प्रदेश विचारते. तिथे युरोप निवडलं की व्हॉल्यूमला लगाम बसतो. 'उर्वरित जग' निवडा. माझ्या जर्मन शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, पण आपण युरोपातच आहोत ना.

चहाबिस्कीट

मोरूशेठ, शेजाऱ्याचे अजून किस्से येऊ द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वडगावकर

झाकण उघडलं. चार बारीक स्क्रू होते. जॅकच्या शेजारी दोन पिवळे चौकोनी तुकडे आहेत, एका टोकाला पट्टी, दोन्हींवर १०७ लिहिलंय.

ओहमशांती

सापडले! ते टँटलम कपॅसिटर. १०७ म्हणजे १० वर सात शून्यं, पिकोफॅरडमध्ये. हिशोब करा, बरोबर १०० मायक्रोफॅरड.

आता ते काढून मोठे बसवता येतील, पण जागा नाही, शेजारी लिथियम बॅटरी आहे आणि तुम्ही सोल्डरिंग करत नाही. नको. फिल्टरची सीमा कपॅसिटर आणि रोध दोघांवर ठरते, तर रोधच वाढवू. ३२ ओमचे इयरफोन घेतले तर सीमा १०० वरून ५० वर येईल. कॉस पोर्टा प्रो ६० ओमचे आहेत, त्यावर २७ च्या आसपास. पण ते उघडे हेडफोन, रेल्वेत निम्मं गाणं चाकं खातील.

तोवर एक स्वस्तातला प्रयोग करा. हेडफोनची एक छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या, तापकीर गल्लीतच कुणाकडून तरी डाव्या आणि उजव्या तारेत ३३ ओमचा एकेक पाव वॅटचा रेझिस्टर टाकून घ्या. जमिनीच्या (ग्राउंडच्या) सामाईक तारेला हात लावायचा नाही. १६ अधिक ३३ म्हणजे ४९ ओम, सीमा ३२ हर्ट्झच्या आसपास. किंमत म्हणून साधारण १० डेसिबल आवाज कमी होईल, तो व्हॉल्यूम वाढवून भरून काढा.

हायरेझ_हणमंत

एक अष्टमांशाचा नियम याच धाग्यात वर आहे, आणि तुम्ही १६ ओमच्या पुढे ३३ ओम टाकताय! डॅम्पिंग फॅक्टरचं, म्हणजे इयरफोनच्या पडद्यावरच्या अँपच्या पकडीचं काय?

ओहमशांती

नियम योग्यच आहे, पण तो का आहे ते पाहा. ज्या इयरफोनचा रोध दर स्वराला बदलतो, त्यांचा नाद मधे रोध टाकल्याने बदलतो. अनेक ड्रायव्हरच्या, बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या इयरफोनमध्ये असं होतं, तिथे ही युक्ती करू नये. एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या कानातल्या इयरफोनचा रोध सगळीकडे जवळपास सारखा असतो, त्यामुळे सगळे स्वर सारखेच खाली येतात. आणि एवढ्याशा पडद्याला मुख्यतः त्याची चौकट आणि आतली हवाच आवरते. म्हणूनच मी पहिल्यांदा ड्रायव्हर किती ते पाहिलं.

हायरेझ_हणमंत

पटलं असं म्हणत नाही. पण वडगावकरांनी करून पाहावं.

वडगावकर

केलं. दुकानदाराने आधी 'कशाला?' विचारलं, मग सोल्डर मारताना स्वतःच ऐकून पाहिलं.

डग्गा आला. ठोकल्यासारखा नाही, हाताच्या मनगटाचा दाब वाढतो तसा स्वर वर सरकतो ते कळतंय. पूर्वी व्हॉल्यूम अर्ध्यावर असायचा, आता पाऊण लागतो. अनपेक्षित फायदा म्हणजे दोन गाण्यांच्या मधे जी 'सूऽऽ' यायची ती जवळपास नाहीशी झाली. बास बूस्ट बंद केलाय, पण ती फरफर का होत होती?

दशांश

फाइलीत आवाज आधीच कमाल पातळीला टेकलेला असतो, विशेषतः नव्याने 'रीमास्टर' केलेल्या अल्बमात. त्यावर ६ डेसिबल बास चढवला की लाटेची टोकं छताला लागून कापली जातात, तीच फरफर. रॉकबॉक्समध्ये प्रीकट नावाची सोय आहे, जेवढं वाढवाल तेवढं आधी सगळं खाली घ्यायचं. तुमच्या प्लेयरमध्ये ती नसणार. मग एमपीथ्रीगेन नावाच्या सॉफ्टवेअरने फाइलींची पातळी खाली आणा. ते फाइल पुन्हा दाबत नाही, फक्त पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायरीने बदलतं, नंतर पूर्ववत करता येतं. त्याची नेहमीची पातळी ८९ डेसिबल आहे, बास वाढवायचा असेल तर ८३ ठेवा. जुनी आणि नवी गाणी एकाच पातळीला येतात हा वरकड फायदा.

'थ्रीडी', 'सराउंड', 'लाइव्ह' असली जी काही नावं मेनूत असतील ती सगळी बंद. त्यांत फेज उलटवून पोकळी तयार करतात, मधला गायक पातळ होतो.

नागपुरी_ठसका

अन् भाऊ, गाडीत लय वाढवू नका. डब्ल्यूएचओचं गणित ८० डेसिबलले आठवड्याचे ४० तास असं आहे, दर ३ डेसिबलले वेळ निम्मा. स्पंजाचे टिप्स घ्या, बाहेरचा कल्ला आतच येत नाही, मग आपोआप कमी लागते.

संगीतसौभाग्य

धागा वाचतेय आणि वाचनखूण साठवली. माझं प्रकरण वेगळं आहे. वडिलांसाठी जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदं प्लेयरवर घातली आहेत, ७८ आरपीएमवरून उतरवलेली. कुणी म्हणतं फ्लॅक कर, कुणी म्हणतं बास वाढव. ऐकायला मात्र करकरच जास्त.

ओहमशांती

भोंग्यासमोर गाऊन कोरलेल्या तबकडीत खाली साधारण अडीचशे हर्ट्झच्या अलीकडे आणि वर काही हजारांच्या पलीकडे गाणं नाहीच, नुसती सुईची खरखर. विजेच्या मायक्रोफोनने घेतलेल्या नंतरच्या तबकड्यांत जास्त असतं, तरी ५-६ हजारांच्या वर करकरच. तिथे बास वाढवला तर तबकडीच्या यंत्राची घरघर वाढेल. उलट वरचे पट्टे उतरवा, आवाज मऊ होईल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोनो करा. मूळ तबकडी मोनो, पण उतरवताना बहुतेक जण स्टीरिओ सुईने उतरवतात. मग गाणं दोन्ही कानांत तेच आणि करकर दोन्हीकडे वेगवेगळी, त्यामुळे ती डोक्याभोवती पसरते. दोन्ही चॅनेल एकत्र केले की गाणं तेवढंच राहतं आणि करकर सुमारे ३ डेसिबलने उतरते. रॉकबॉक्समध्ये याचं सेटिंग आहे, नाहीतर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मोनो करून घ्या. तरी नाही पटलं तर फक्त डावा, मग फक्त उजवा चॅनेल ऐका. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत, एक बाजू बऱ्याचदा स्वच्छ निघते.

संगीतसौभाग्य

उजवी बाजू! डावीत तडतड, उजवीत जवळजवळ नाही. सगळ्या फाइली परत करायला घेतेय.

वडगावकर

अवांतर विचारतो, नवीन धागा नको. माझ्या प्लेयरवर फोल्डरमधलं द्रुत आधी आणि विलंबित नंतर वाजतं. आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन.

म्युनिकचा_मोरू

चौकोनांना इलाज नाही, रोमनमध्ये लिहा. टॅग (फाइलीतली गाण्याची माहिती) आयडीथ्री २.३ मध्ये साठवा, २.४ वाचता वाचता असले प्लेयर अडखळतात. क्रमाचं कारण असं की हा प्लेयर नावाने लावत नाही, कार्डाच्या फॅट तक्त्यात (फाइलींच्या यादीत) ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतो. नावांच्या आधी ०१, ०२ लावा, कार्डावरचा फोल्डर पुसा आणि फाइली क्रमाने एकेक करून परत टाका. फार असतील तर फॅटसॉर्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर कार्ड जागच्या जागी लावून देतं. आधी कार्डाची एक प्रत काढून ठेवा, आणि कार्ड स्वस्तात घेतलेलं असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने त्यावर लिहिलंय तेवढी जागा खरंच आहे का तेही बघा.